मूर्तीभोवतीचा कचरा

जुन्या मूर्तींची नोंद ठेवणाऱ्या आमच्या ऑफिसात तो माझ्या बाजूला बसतो. तोंडात तंबाखू-सुपारीचा खर्रा असला की मान वर करून बोलतो. दरेकसा गावाजवळच्या आमच्या देवाच्या दगडी मूर्तीचं त्यानं लेझर स्कॅनिंग केलं. मग कॉम्प्युटरवर ती गोल गोल फिरवत तिच्याभोवतीचं एकेक पुसत बसला.

"काय करून राहिला?"

"कचरा काढून राहिलो."

कचरा म्हणजे नवसाचे मातीचे घोडे! त्यातला एक माझ्या मायनं वाहिलेला. तसं सांगितलं, तर म्हणतो, "मूर्ती पुरानी आहे भाऊ, घोडे कायले पाहिजेत?"

स्कॅनिंग नीट आलं नव्हतं म्हणून दुसऱ्यांदा गेलो, तेव्हा त्यानं आधी सगळे घोडे उचलून नाल्यात फेकले. मी अंगावर धावून गेलो, तर हसला. "पुसाचं काम वाचलं ना!"

आणि फाइलला नाव काय दिलंय या माणसानं? 'लोकश्रद्धा'.