बिब्ब्याची फुली

आंबागडची सुईण कुंताबाई कोणावर विश्वास ठेवत नसे. दुकानातलं मीठसुद्धा जिभेवर ठेवून मगच घ्यायची. मी तिची भाची, पण मलाही तिनं सोडलं नाही. जन्मलेल्या प्रत्येक बाळाच्या बेंबीखाली ती बिब्ब्याची फुली काढायची, बरोबर बोटाच्या एका पेराएवढी. कातडी भाजायची, बाळ किंचाळायचं. मला फार राग यायचा.

"पोर बदललं तर मले कसं समजन?" हे तिचं ठरलेलं उत्तर.

१९८१ साली शेजारच्या निर्मलाचं पहिलं बाळंतपण माहेरी झालं, मावशीच्याच हातून. मुलगी झाली, चारचौघींसारखी. सहाव्या महिन्यात निर्मला तिला घेऊन मोहाडीला सासरी गेली, तेव्हा पोरगी वर्षाची वाटत होती. वर्ष भरलं तेव्हा तीन वर्षांची. पंजे थोराड, आणि भूक तर विचारूच नका. सासू गिरजाबाई गल्लीभर सांगत सुटली, "हिची मेली. कोणाची तरी उचलून आणली." नातीला ती मांडीवर घेईना. शेवटी सुनेला बजावलं, खरं बोल, नाहीतर पोरीसकट माहेरी जा.

निर्मलाच्या नवऱ्यानं, ईश्वरनं, मावशीला बोलावून घेतलं. मीही सोबत गेले. पोरीला बघताच मावशीचा चेहरा उतरला.

"हे माह्या हातची नाई वाटत," ती म्हणाली. निर्मलानं पोरीला जवळ ओढलं. मला तर मावशीचं तोंड दाबावंसं वाटलं.

मग मावशीनं झबलं वर केलं. फुली होती. तिनं बोट लावलं, दीड पेर भरली. पुन्हा लावलं, तेवढीच.

"पोरगी तेच आहे, गिरजाबाई. फुली माहीच, पण कातड्यासंगं ताणली. बरं लेकरू असं वाढत नाई. तुमी संशय घेत बसल्या, अन् आतलं दुखणं कोणीच नाई पाह्यलं."

नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी ग्रंथी असते, तिच्यात गाठ आहे. वाढीचा रस ती ग्रंथीच सोडते, आणि गाठीमुळे तो फार सुटतोय. ऑपरेशन झालं. मावशीचा त्यावरही विश्वास नाही. "काढली कशावरून?" म्हणत ती दर दोन महिन्यांनी मोहाडीला जाऊन फुलीला बोट लावायची.

दोन पेरं. पुढच्या खेपेला दोनच. त्याच्या पुढच्या खेपेलाही.

"थांबली वो," मावशी म्हणाली आणि पदरात तोंड घालून रडली.

गिरजाबाई कोपऱ्यातून उठून आली. "ये माय," म्हणत तिनं नातीला पहिल्यांदा मांडीवर घेतलं. पोरीचे दोन्ही पाय जमिनीला टेकत होते.