गोटीची बेंबी

खिडकीतल्या जांभळ्या गोटीवर सकाळचं ऊन पडलं की तिच्यातले पांढरे पट्टे पाण्यात दूध सांडावं तसे दिसतात. सुंदर आहे. पण माझी नाही.

माझी गोटी आईला सापडली होती. काचेचं भंगार निवडायच्या कामावरून येताना तिनं ती पदराच्या गाठीत बांधून आणली. जुन्या गोट्या जमवणाऱ्या शेजारच्या काकांनी ती हातात घेतली आणि म्हणाले, “ही हातानं केलेली. तापलेल्या काचेच्या कांडीवरून कापली, तिथं वण राहिलाय बघ. ही गोटीची बेंबी. मशीनच्या गोटीला नसते. डोळ्यानं नाही, अंगठ्यानं बघायचं.”

आमच्या घरातला पहिला पदवीधर मी. पण कॉलेजातसुद्धा इतक्या मायेनं मला कुणी शिकवलं नव्हतं.

मग एका मित्राला दाखवतो म्हणून काका गोटी घेऊन गेले आणि पंधरा दिवसांनी तशीच दिसणारी ही आणून दिली.

“काका, हिला बेंबी नाही.”

“तुझीच आहे रे. आता तू मला शिकवणार?”

मी ती खिडकीत ठेवून दिली. गोटी गेली याचं वाईट वाटतंच. पण ज्यांनी मला ओळखायला शिकवलं, त्यांनीच मी काही शिकलो नसेन असं गृहीत धरलं, हे जास्त लागतं.

अजूनही ही गोटी उचलली की अंगठा आपोआप तो वण शोधतो. पूर्ण फिरतो, आणि कुठंच थांबत नाही.