दुसरं कॅलेंडर

“पाटणकर, दार लावून घ्या,” कर्णिक साहेब म्हणाले. “माझ्या कॅलेंडरमध्ये मला एक नोंद अशी ठेवायची आहे, जी ग्रेसीला दिसणार नाही. जमेल?”

मी म्हणालो, जमेल. सॉफ्टवेअरबद्दल कुणी ‘जमेल का’ असं विचारलं की त्या काळी माझ्या तोंडून दुसरं उत्तर निघत नसे.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. वागळे इस्टेटमध्ये आमची व्हॉल्व्ह बनवणारी फॅक्टरी होती. मी ईडीपी विभागात होतो, म्हणजे आज ज्याला आयटी म्हणतात तिथे. विभाग म्हणजे मी, एक सर्व्हर आणि त्या सर्व्हरसाठी बसवलेला एसी. कर्णिक साहेब जनरल मॅनेजर. ग्रेसी डिमेलो त्यांची सेक्रेटरी. ग्रेसीबाई माजिवड्याच्या, तिथल्या जुन्या ख्रिस्ती घरातल्या. साहेबांपेक्षा वयाने थोड्या मोठ्या, आणि फॅक्टरीत साहेबांना ओरडायची परवानगी असलेल्या एकट्याच.

साहेबांची डायरी वर्षानुवर्षं त्यांच्या टेबलावर असायची. तिचा एक नियम होता. भेट नक्की नसेल तर पेन्सिल, नक्की असेल तर पेन. पेनाने लिहिलेलं साहेब कधी बदलत नसत. एकदा हेड ऑफिसच्या डायरेक्टरने वेळ बदलायला सांगितली, तर साहेब फोनवर म्हणाले, “सॉरी सर, बाईंनी पेनाने लिहिलंय.” ही गोष्ट स्टोअरपासून कँटीनपर्यंत सगळ्यांना पाठ होती. आम्ही हसायचो. पण त्या नियमावर फॅक्टरी चालायची.

मग हेड ऑफिसने ई-मेलचं नवीन सॉफ्टवेअर पाठवलं. त्यात प्रत्येकाचं कॅलेंडर होतं. साहेबांनी डायरी बंद करून कॅलेंडर वापरायचं ठरवलं आणि मी ग्रेसीबाईंना ‘डेलिगेट’ केलं. डेलिगेट म्हणजे मुखत्यार. जमिनीच्या व्यवहारात एखाद्याला आपल्या वतीने सही करायचा अधिकार देतात, तसंच. कुणाला नुसतं बघायचा अधिकार देता येतो, कुणाला लिहायचा, कुणाला पुसायचाही. ग्रेसीबाईंना मी तिन्ही दिले.

“ह्यात पेन्सिल कुठली आणि पेन कुठलं?” त्यांनी विचारलं.

मी ‘टेंटेटिव्ह’चं बटण दाखवलं.

“आणि खाडाखोड?”

“दिसत नाही. नोंद हलवली की जुन्या जागेवर काहीच उरत नाही.”

“हे बरं नाही, पाटणकर,” त्या म्हणाल्या. “खाडाखोड दिसली की माणसाला लाज वाटते.”

मी ते हसण्यावारी नेलं.

तर, त्या दिवशी दार लावून साहेबांनी मला जे सांगितलं ते असं. छातीत भरून येत होतं म्हणून ते डॉक्टरकडे गेले होते. डॉक्टरने अँजिओग्राफी सांगितली होती. त्यात हृदयाच्या नळ्यांमध्ये रंग सोडून कुठे अडलंय ते बघतात. हॉस्पिटलची तारीख मिळाली होती.

“ग्रेसीला कळलं की पाच मिनिटांत आमच्या घरी फोन,” साहेब म्हणाले. “ती आणि आमची मिसेस रोज बोलतात. घरी कळलं की माझं ऑफिस बंद. आणि हेड ऑफिसला कळलं तर करार करायला दुसरा माणूस येईल.”

करार म्हणजे युनियनबरोबरचा. त्या वर्षांत वागळे इस्टेटमध्ये एकेक गेट बंद होत होतं. आमच्या शेजारची कंपनी गुजरातला गेली होती, समोरच्या गेटला सील लागलं होतं. हेड ऑफिसच्या मनात आमच्याबद्दलही तेच होतं. शांतपणे करार झाला तर फॅक्टरी टिकेल असं साहेबांना वाटत होतं. आलेला दुसरा माणूस करार करणार नाही, कुलूप लावेल, हेही त्यांना माहीत होतं.

मी आधी सोपा उपाय सुचवला. नोंदीला ‘प्रायव्हेट’ची खूण करायची. मग डेलिगेटला काय आहे ते कळत नाही, नुसती वेळ अडवलेली दिसते.

“विचारेल ना ती. तिला माहीत नाही अशी माझी एक वेळ नाही.”

मग मी डोकं चालवलं. साहेबांच्या मेलबॉक्समध्ये मी दुसरं कॅलेंडर तयार केलं आणि त्यावर ग्रेसीबाईंना काहीच अधिकार दिला नाही. त्यांच्या दृष्टीने ते अस्तित्वातच नव्हतं. साहेबांनी त्यात नोंद केली. पहिल्या कॅलेंडरमध्ये तो मंगळवार मोकळाच राहिला. केबिनमधून बाहेर पडताना मी खूश होतो. अवघड गोष्ट जमली की मी खूश होत असे. मोकळी दिसणारी वेळ बघून ग्रेसीबाई काय करतील, हे माझ्या डोक्यातही आलं नाही.

त्यांनी काय करायचं तेच केलं. मंगळवार सकाळ मोकळी दिसली म्हणून युनियनला दिली.

साहेबांनी मला बोलावलं. “पाटणकर, ही नोंद पुढे कशी न्यायची?”

“साहेब, बाईंनाच मीटिंग बदलायला सांगा ना. काहीतरी कारण सांगा.”

“युनियनला दिलेली वेळ? बाईंनी पक्की केलेली?” ते हसले. “पाटणकर, ते पेनाने लिहिलंय. माझं पुढे गेलं तर चालेल.”

मी त्यांना दाखवलं. माउसने नोंद उचलायची, हव्या त्या दिवशी सोडायची. त्यांनी स्वतः एकदा करून बघितलं.

“छान आहे,” ते म्हणाले. “दुखत नाही.”

पुढच्या खेपेला त्यांनी मला बोलावलं नाही. त्यांना येत होतं. मला कळलं ते सर्व्हरवर काम करताना. सगळ्यांचे मेलबॉक्स माझ्यापुढे उघडे असत, आणि खरं सांगायचं तर मी ते दुसरं कॅलेंडर अधूनमधून बघायचो. नोंद आणखी पुढे गेली होती. तिच्या जागी ग्रेसीबाईंनी एक्साइजच्या इन्स्पेक्टरची भेट बसवली होती.

त्याच आठवड्यात चहाच्या वेळी ग्रेसीबाई माझ्या खोलीत आल्या. एसीखाली दोन मिनिटं उभं राहायची त्यांची सवय होती.

“तुझ्या मशीनला मी उगाच शिव्या दिल्या,” त्या म्हणाल्या. “सगळा आठवडा एकदम दिसतो. साहेबांचा एक तास वाया जाऊ देत नाही मी आता.”

“हो, बघतो ना.”

“पण साहेब दमलेले वाटतात रे. जिना चढून आले की आधी खिडकीपाशी थांबतात. म्हणून गुरुवारची दुपार मी कुणाला देत नाही. जेवून जरा डोळे मिटतील.” मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, “काय रे? काही बोलणार होतास?”

“नाही. तुमचा प्रिंटर चालतोय ना नीट?”

“प्रिंटरला काय धाड भरलीय,” असं म्हणून त्या गेल्या.

‘काही बोलणार होतास?’ हे मला आजही ऐकू येतं. खरं तर मला तोंड उघडायचीही गरज नव्हती. दुसऱ्या कॅलेंडरची वेळ पहिल्या कॅलेंडरमध्ये काहीतरी खोटं नाव देऊन अडवून ठेवता आली असती. ‘डेंटिस्ट’ लिहिलं असतं तरी चाललं असतं. डेंटिस्टसाठी बाईंनी घरी फोन केला नसता. माझ्याकडे सर्व्हरचा पासवर्ड होता. मी स्वतःला सांगितलं की साहेबांच्या कॅलेंडरला हात लावणं माझ्या अधिकारात बसत नाही. त्यात चोरून बघणं मात्र बसत होतं.

एकदाच मी साहेबांना म्हणालो, “साहेब, ते हॉस्पिटलचं राहून जातंय.”

“करार झाला की पहिलं तेच.”

करार झाला. गेटवर पेढे वाटले. युनियनवाल्यांनी साहेबांना हार घातला आणि त्यांनी तो काढून ग्रेसीबाईंच्या टाइपरायटरला घातला, जो आता कुणी वापरत नव्हतं. सगळे हसले. हॉस्पिटलची तारीख पुढच्याच सोमवारची होती. पण कराराची बातमी ऐकून चेअरमन स्वतः फॅक्टरी बघायला येतो म्हणाले आणि ग्रेसीबाईंनी आनंदाने मोकळा सोमवार त्यांना दिला. साहेबांनी आपली नोंद उचलून शनिवारी ठेवली.

चेअरमन येऊन गेले. बुधवारी सकाळी साहेब घरी बूट घालायला खाली वाकले ते उठलेच नाहीत.

नौपाड्यातल्या त्यांच्या घरी सगळी फॅक्टरी गेली होती. ग्रेसीबाई आत वहिनींजवळ बसल्या होत्या. वहिनी सगळ्यांना एकच सांगत होत्या, “काही दुखत नव्हतं हो. कधी काही बोलले नाहीत.” मी दारातूनच नमस्कार केला आणि परत आलो.

दुसऱ्या दिवशी हेड ऑफिसने एक तात्पुरते मॅनेजर पाठवले. त्यांनी मला सांगितलं, “मिसेस डिमेलोंना जुन्या साहेबांच्या मेलबॉक्सचा फुल अ‍ॅक्सेस द्या. पुढच्या सगळ्या अपॉइंटमेंट रद्द करायच्यात. जेवणाच्या आत.”

फुल अ‍ॅक्सेस असा देतात की मेलबॉक्सच्या सगळ्यात वरच्या फोल्डरला अधिकार द्यायचा. मग तो आतल्या सगळ्यांना लागू होतो. घराची किल्ली दिली की खोल्यांच्या वेगळ्या द्याव्या लागत नाहीत, तसं. दुसरं कॅलेंडर मला आठवलं होतं. पुसायला हात धजला नाही, कारण मेलेल्या माणसाची ती नोंद होती. ते वेगळं काढून ठेवायचं असं ठरवलं. तेवढ्यात स्टोअरमधून फोन आला, त्यांचं मशीन बंद पडलं होतं. तिथून परत आल्यावर घाईघाईने वरच्या फोल्डरला अधिकार दिला आणि जेवायला गेलो.

डब्याचं झाकण उघडलं होतं. प्यून आला. “ग्रेसीबाई बोलावतात.”

त्या स्क्रीनकडे बघत होत्या. मी मागे उभा राहिलो. दुसरं कॅलेंडर उघडं होतं. सगळे दिवस कोरे आणि शनिवारच्या चौकोनात एकच नोंद. साहेबांनी एका बोटाने टाइप केलेली. ‘अँजिओ. सकाळी आठ. उपाशी जाणे.’

“हे काय आहे, पाटणकर?”

मी सांगितलं काय आहे ते.

“हे त्यांनी कधी लिहिलं?”

“दोन महिने झाले असतील.”

“दोन महिन्यांपूर्वी ह्या शनिवारची वेळ घेतली?”  मग हळू विचारलं, “आधी कुठे होतं?”

इथे मी थांबायला हवं होतं. सॉफ्टवेअरमध्ये काही खूण नव्हती. ‘माहीत नाही’ म्हणालो असतो तर मला कुणी खोटं पाडू शकलं नसतं. पण माझ्या छातीवर ते इतके दिवस होतं आणि कुणीतरी शेवटी विचारलं होतं. मी सगळं सांगितलं. आधी एक मंगळवार. मग कधी, मग कधी. मग परवाचा सोमवार.

त्यांनी पहिलं कॅलेंडर उघडलं आणि एकेक आठवडा मागे गेल्या. मंगळवारी युनियन. मग एक्साइज. मग चेअरमन. प्रत्येक ठिकाणी जरा थांबल्या.

“ह्या मी लिहिल्यात,” त्या म्हणाल्या.



ऑफिसमध्ये त्या नेहमी आमच्यासारखं मराठी बोलायच्या, नाहीतर इंग्रजी. त्या दिवशी घरचं बोलल्या. “मना सांगलं का नाय?” एवढंच. आवाज चढवला नाही. नंतर विचारलं, “वहिनींना ठाऊक आहे?”

“नाही.”

“मग राहू दे. पुसून टाक.”

मी त्यांच्याच खुर्चीशी वाकून ते कॅलेंडर पुसलं. क्षणभर मला हलकं वाटलं, हेही लिहून टाकतो. दोन महिने जे मी वागवत होतो ते मी त्यांच्या हातात ठेवलं होतं आणि त्याला खरं बोलणं म्हटलं होतं.

ग्रेसीबाई वहिनींना रोज फोन करतच राहिल्या. माझी खोली फार लांब नव्हती. “हो, अचानकच गेले,” असं त्यांना बोलताना मी कितीदा तरी ऐकलं.

नवीन जनरल मॅनेजर आले. ग्रेसीबाईंनी स्वतःच्या पैशाने बाजारातून डायरी आणली. कुठलीही वेळ लिहायच्या आधी त्या केबिनमध्ये जाऊन विचारायच्या, “सर, तुम्ही खरंच मोकळे आहात ना?” आणि बाहेर येऊन पुन्हा आत जायच्या. “सर, नक्की ना? दुसरीकडे कुठे जायचं नाही ना?” नवीन साहेब चांगले होते, पण माणूस किती दिवस ऐकून घेणार. त्यांनी बाईंना डिस्पॅचमध्ये पाठवलं. व्हीआरएसची, म्हणजे स्वेच्छानिवृत्तीची, नोटीस लागली तेव्हा पहिल्या अर्जांत बाईंचा अर्ज होता. करार होऊनही पुढे काही वर्षांत फॅक्टरी गेलीच. आता तिथे काचेची इमारत आहे.

त्यानंतर मी बऱ्याच कंपन्यांमध्ये काम केलं. आज मी पन्नाशी ओलांडली आहे आणि डेलिगेट अ‍ॅक्सेस द्यायचं काम अजून माझ्याकडे येतं. कधीतरी एखादे साहेब दार लावून घ्यायला सांगतात आणि विचारतात, सेक्रेटरीला दिसणार नाही असं दुसरं कॅलेंडर करता येईल का.

मी सांगतो, सॉफ्टवेअरमध्ये तशी सोय नाही.

सोय आहे.