मार्गरेटच्या पबला दिलेला एक तारा

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. दोनदा लिहायला बसलो होतो, दोन्ही वेळा उठलो.

२००५ च्या सुमाराला आम्ही अमेरिकेत, रेडमंडला होतो. आसपास चार-पाच ब्रिटिश धाटणीचे पब होते — काळसर लाकूड, शेकोटी, जड काचेचे ग्लास. शनिवारी दुपारी एकेका पबात जायचं आणि मराठी मंडळाच्या ईमेल ग्रुपवर तारे वाटायचे, हा उद्योग मी सुरू केला. बिअरला किती, शेकोटीला किती. आणि सगळ्यात महत्त्वाचा रकाना — शाकाहारी लोकांनी जावं की नाही. आमच्या घरात अंडंसुद्धा येत नसे, त्यामुळे त्या बाबतीत लोक माझ्यावर डोळे झाकून विश्वास ठेवायचे. मलाही त्याचा माज होता, खोटं कशाला बोलू?

मार्गरेटच्या पबला मी पाच तारे दिले होते. साठीची इंग्लिश बाई. तिचा मशरूम पाय — पेस्ट्रीत भरून भाजलेला — बीफच्या पायपासून लांब, वेगळ्या ओव्हनमध्ये व्हायचा. माझं वाचून मराठी कुटुंबं मुलाबाळांसकट तिच्याकडे यायला लागली. शनिवारी ती त्यांच्यासाठी टेबलं जोडून ठेवायची.

आता खरं सांगतो. दर गुरुवारी ऑफिसातून एकटा निसटून मी तिथे बीफ पाय खायचो. हो — बीफ. चुकून एकदा नाही, वर्षभर. का? आवडायचं म्हणून. दुसरं कारण शोधून पाहिलं, सापडलं नाही.

एका गुरुवारी घास तोंडात असताना समोर मंडळाचे अध्यक्ष, गोखले काका. माझ्याच शिफारशीवरून आलेले. त्यांनी वाकून ताटलीत पाहिलं.

"अरे, हे काय खातोयस तू?"

काका, मी खातो — एवढंच म्हणायचं होतं. काय आभाळ कोसळलं असतं? पण मी काटा आपटला आणि मार्गरेटवर ओरडलो, की मशरूम मागवलं होतं, तुम्ही मला बीफ चारलंत! सगळे वळून बघायला लागले. ती माझ्याकडे बघत राहिली — न विचारता दर आठवड्याला माझी ताटली आणून ठेवणारी बाई. मग हळू आवाजात म्हणाली, "माय मिस्टेक, लव्ह. सो सॉरी."

तिनं मला वाचवलं. आणि मी? त्याच संध्याकाळी ग्रुपवर एक तारा दिला. शाकाहाऱ्यांनी फिरकू नये, असं ठळक अक्षरांत लिहिलं. काकांनी लगेच खाली दुजोरा दिला, आपण डोळ्यांनी पाहिलं म्हणून. त्या शनिवारपासून मराठी माणूस तिथे गेला नाही. वर्षाच्या आत पब बंद पडला. माझ्यामुळेच पडला का — माहीत नाही. माझ्यामुळे नाही, असं स्वतःला पटवणं मात्र मला आजवर जमलेलं नाही. मार्गरेट पुढे कुठे गेली, हे मी कुणाला विचारलंही नाही.

तो किस्सा आमच्याकडे अजून रंगतो. बायकोच सांगते — नवरा कसा फसला, आणि भर पबात त्यानं त्या बाईला कसं खडसावलं. परवा जेवायला आलेल्या नव्या जोडप्यालाही तिनं तो सांगितला. त्यातली मुलगी शाकाहारी. डोळे विस्फारून मला म्हणाली, "बापरे काका! मग काय केलंत तुम्ही?"

"काय करणार?" मी म्हणालो. "तीन दिवस अन्न गेलं नाही."