सुशीलानं वाचलेली पुस्तकं

हे मी आजवर कुणापाशी बोललेले नाही. नवऱ्यापाशी नाही, सख्ख्या बहिणीपाशी नाही. सांगायला तोंड उघडलं की दुसरंच काहीतरी निघायचं – पावसाचं, बाजारभावाचं, सुनांचं. आज तुम्ही समोर आहात असं धरून सांगते. अडखळेन, पण सांगते.

तुम्हाला ठाऊक नसेल, नव्वदच्या दशकात जुन्नरच्या एका लहानशा वाचनालयात महिन्याच्या शेवटच्या शनिवारी दुपारी आम्ही दहा-बाराजण जमायचो. माडीवरच्या खोलीत. प्रत्येकानं सांगायचं – सध्या काय वाचतोय, त्यात काय आवडलं. एवढंच. कुणी मास्तर, कुणी पोस्टातले, एक कंपाउंडर, दोन-तीन बायका. निवृत्त हेडमास्तर होते, त्यांना सगळे गुरुजी म्हणत, ते बैठक चालवायचे. चहा यायचा. ती दोन तासांची दुपार मला महिनाभर पुरायची.

आणि तिथं मी वाचणारी म्हणून ओळखली जायचे. बी.ए. झालेली, नारायणगावच्या बागायतदाराची सून, धाकटे दीर वाचनालयाच्या कमिटीवर. मी वाचत असणार हे सगळ्यांनी धरूनच चाललं होतं.

मी वाचत नव्हते.

वेळ नव्हता म्हणाले तर तुम्हाला पटेल – द्राक्षाचा बाग, घरात खाती तोंडं बारा. पण ते खरं नाही. टीव्हीवरच्या मालिकांना वेळ होताच की. पुस्तक आणायचे, उशाशी ठेवायचे, दहा पानांवर डोळा लागायचा. मला वाचायला आवडत नव्हतं. वाचणारी म्हणवून घ्यायला आवडायचं. ह्या दोन गोष्टींत केवढं अंतर आहे, हे मला कळत नव्हतं का? कळत होतं.

सुशीला खरी वाचणारी. ती मढच्या बाजूच्या डोंगरातली, माहेरी भात-नाचणीची शेती. दहावीपर्यंत आश्रमशाळेत शिकली आणि लग्न होऊन आमच्या गावाजवळच्या वस्तीवर आली. टोमॅटोच्या हंगामात आमच्या शेडवर माल निवडायला यायची. एकदा पाहिलं तर क्रेटमध्ये अंथरायच्या रद्दीतलं एक पान हातात धरून उभी. कुठल्याशा गोष्टीचं अर्धं पान. मला म्हणाली, "ताई, ह्याच्या म्होरलं पान घावलं तर ठिवा माझ्यासाठी."

मीच तिला वाचनालयात नेलं. दिरांची सही घेऊन कार्ड काढून दिलं. हे मी पुढं किती वेळा किती जणांना सांगितलं असेल! चांगुलपणा होता तो, नाही कशाला म्हणू? पण तेवढाच होता. त्यानंतरचा नाही.

आम्ही दोघी नारायणगावहून जीपनं जुन्नरला जायचो. जीप भरेपर्यंत सुटायची नाही, अर्धा-पाऊण तास स्टँडवर बसून राहायचं. त्या वेळात ती वाचलेलं सांगायची. कसं सांगायची! एका कादंबरीतली बाई घर सोडून निघून जाते. मी विचारलं, का गेली गं? तर म्हणाली, "का गेली ते सोडा ताई. जाताना तिनं चूल सारवली, भांडी पालथी घातली. ज्याला माघारी यायचं आसतं ते काईतरी काम आर्धं ठिवून जातं. हिनं कायबी ठिवलं नाय. मला तितंच रडू आलं."

वाचणाऱ्या माणसाला असं दिसतं?

त्या दुपारी बैठकीत माझी पाळी तिच्या आधी आली. मी काहीच वाचलेलं नव्हतं. आणि माझ्या तोंडून – चूल, भांडी, अर्धं काम. सगळं. फक्त भाषा माझी, नीटनेटकी. गुरुजी म्हणाले, "वा! हे आमच्या ध्यानातच आलं नव्हतं." मग सुशीलाची पाळी. तिनं मांडीवरच्या पुस्तकावर पदर ओढला आणि म्हणाली, "मला नाय जमलं वाचायला ह्या टायमाला."

पहिल्या खेपेला ते निसटून गेलं, असं मी स्वतःला कितीदा समजावलं. चला, पहिली खेप सोडा. दुसरी? मी दाराजवळची खुर्ची धरायला लागले, कारण सुरुवात तिथून व्हायची. जीपमध्ये मी आपणहून विचारायचे – मग, काय वाचलंस? आणि शेवट कसा आहे? आणि तुला कुठलं आवडलं? ती सांगायची. मी ऐकायचे, मनात वाक्यं जुळवायचे. असं दोन वर्षं चाललं. दोन वर्षं ती माझ्या शेजारी बसून माझ्या तोंडून स्वतःचं ऐकत होती आणि स्वतःची पाळी आली की "नाय जमलं" म्हणत होती. कधी तर नुसती मान हलवायची.

एकदाच ती अख्ख्या वाटेत बोलली नाही. मी विचारलं तर बाहेर बघत म्हणाली, "तुमी काय वाचलं ते सांगा की आज." आणि मी काय केलं? हसले. म्हणाले, तुझ्या कार्डाचं वर्ष भरत आलंय ना गं, भाऊजींच्या कानावर घालायला हवं.

एवढंच म्हणाले. आवाजही चढवला नाही.

पुढच्या महिन्यात ती पुन्हा सांगायला लागली.

तुम्हाला वाटेल, हेच ते. नाही – अजून आहे. मी टाळत टाळत इथवर आले, आता टाळता येणार नाही.

वाचनालयाला मदतनीस हवा होता. अर्धा दिवस पुस्तकं द्यायची-घ्यायची, मानधन. सुशीलानं अर्ज केला. मला सांगितलंही नाही तिनं. मला दिरांकडून कळलं. तोवर माझ्या डोक्यात ती नोकरी नव्हती. तिचा अर्ज आला असं ऐकल्यावर आली. का? घरात खायला कमी नव्हतं. पण ती त्या टेबलामागे बसेल, येणाऱ्या-जाणाऱ्याशी पुस्तकांवर बोलेल – आणि एके दिवशी गुरुजींच्या लक्षात येईल की ही तर तसंच बोलते, जसं मी बोलायचे. ह्या भीतीनं मीही अर्ज केला.

गुरुजींनी मला आत बोलावलं. भला माणूस, संकोचून बोलत होते. "तुमचं तर काय विचारायचंच नाही. पण त्या सुशीलाबाईंना गरज आहे. त्यांना तुम्हीच आणलंत, तुम्हीच सांगा. बैठकीत कधी बोलत नाहीत. वाचतात का त्या?"

खिडकीतून खालचा रस्ता दिसत होता. समोरच्या दुकानाच्या फळीवर सुशीला बसलेली, माझी वाट बघत. तिच्या हातात पुस्तक उघडं होतं. उन्हामुळं तिनं ते जरा तिरकं धरलं होतं. मी ते बघत होते. आणि तिच्याकडे बघत बघत मी म्हणाले,

"आवड आहे हो तिला बिचारीला. पण वाचन नाही."

हे ते वाक्य.

नोकरी मला मिळाली. सुशीला त्यानंतर एकदाच आली. घेतलेलं पुस्तक टेबलावर ठेवलं, कार्ड त्याच्यावर ठेवलं. म्हणाली, "येते ताई." कार्ड अजून चालू आहे, असं मी म्हणाले नाही. तिनं विचारलंही नाही. हंगामाला ती दुसऱ्यांच्या शेडवर जायला लागली. माझ्या बोलण्यातली जान गेली, हे एक-दोन वर्षांत सगळ्यांच्या लक्षात आलं असेल. गुरुजी एकदा म्हणाले, "कामाच्या रगाड्यात तुमचं वाचन मागं पडलं बघा." मी हो म्हणाले. पुढं गुरुजी गेले, बैठक बंद पडली. टेबल माझं राहिलं.

मग दोन हजार सालानंतर, बऱ्याच वर्षांनी, एक मुलगी कार्ड काढायला आली. जुन्नरला कॉलेजात होती. फॉर्मवर तिनं आईचं नाव लिहिलं – सुशीला. कपाळ तिचंच, डोळेही. मी म्हणाले, आई कशी आहे?

"बरी हाय. तिनंच पाठवलं. म्हणली, ताईंना इचार कोणतं पुस्तक न्यायचं ते. त्यांच्यासारखं सांगणारं कुणी नाय म्हणती."

सुशीला हे खरंच म्हणाली असेल? साध्या आवाजात, की टोमण्याच्या? मी त्या पोरीच्या तोंडाकडे बघत राहिले. तिथं काही नव्हतं, भाबडेपणा होता नुसता. मग तीच म्हणाली, "तिला स्वतःला वाचायचा नाद नाय ना. घरात मी पुस्तक उघडलं का उठून जाती."

तेव्हा सांगता आलं असतं. दुपार होती, वाचनालयात आम्ही दोघीच. तुझी आई काय होती ते ह्या भिंतींना विचार, असं तरी म्हणता आलं असतं. पोरगी काउंटरला टेकून उभी होती, तिला घाई नव्हती.

मी मागं वळून कपाटातून हाताला आलं ते पुस्तक काढलं.

"ह्यात काय हाय?" तिनं विचारलं.

"वाच म्हणजे कळेल," मी म्हणाले. मी ते वाचलेलं नव्हतं.

तिनं हसून पुस्तक पिशवीत टाकलं आणि गेली. पुढं तीन वर्षं ती येत राहिली. जवळजवळ दर आठवड्याला. दर वेळी समोर उभी राहायची, दर वेळी मी तारखेचा शिक्का मारायचे.

सुशीला त्याच वस्तीवर आहे. माझ्या घरापासून चालत अर्धा तास. मी गेलेले नाही.