अक्कांच्या दारची आंबील

पाचोऱ्याच्या फलाटावर दादाने मला आणि वहिनींना गाडीत बसवलं आणि खिडकीच्या गजांना धरून तो मला म्हणाला, "दुष्काळात आंबील प्यायला निघालेली बाई मी पहिल्यांदाच बघतोय. तिकडे प्यायला पाणी नाही, आणि हिला आंबील हवी!"

मी रागावले, पण तो खोटं बोलत नव्हता. मला खाण्यापिण्याचं वेड आहे. कुठे काय शिजतं, ते कोण शिजवतं आणि का, हे कळल्याशिवाय मला ते गाव बघितल्यासारखं वाटत नाही. आमच्या साताऱ्याकडे मी नाचणीच्या आंबिलीवर वाढले. पीठ रात्रभर आंबवायचं, सकाळी शिजवायचं, ताक आणि लसूण घालून वाटीवाटीने प्यायचं. दादा रेल्वेच्या नोकरीत पाचोऱ्याला आला, त्याने इकडचीच मुलगी केली, आणि वहिनींकडून मी खानदेशातल्या ज्वारीच्या आंबिलीबद्दल ऐकलं. वहिनींचं माहेर धुळ्यापलीकडे, सोनगीरजवळ. तिथे वैशाखातल्या एका मंगळवारी मरीमातेसाठी मडकं भरून आंबील होते. आधी मातेला, मग वाटसरूंना, मग गावाला आणि सगळ्यात शेवटी घराला. ती करण्याचा मान वहिनींच्या आईचा, म्हणजे अक्कांचा. त्या दारातून कुणालाही तसंच परत पाठवायचं नाही, अशी रीत.

बहात्तर सालचा पावसाळा कोरडा गेला होता आणि त्यानंतरचा हा वैशाख. मला वाटलं होतं, यंदा कसली आंबील? पण वहिनी म्हणाल्या, "माय करणारच. मातेचं मडकं कधी रिकामं राहिलेलं मी पाहिलं नाही."

चाळीसगावला आम्ही धुळ्याची गाडी धरली. डब्यात समोर एक मारवाडी बाई बसल्या होत्या, धुळ्यात त्यांचं किराणा दुकान. मी कशासाठी निघाले ते ऐकून त्यांचा चेहरा उजळला. "आमच्याकडे बाजरीची राबडी करतात," त्या म्हणाल्या. "पीठ ताकात कालवून उन्हात ठेवायचं. सासूबाई सांगायच्या, उन्हाळ्यात राबडी पोटात असली की माणूस चालत राहतो." मग थोडं थांबून म्हणाल्या, "यंदा नाही केली. ताक कुठलं आणायचं?"

बोलता बोलता माझा पाय लागून आमचा फिरकीचा तांब्या कलंडला. झाकण सैल होतं. पाणी डब्याच्या फळ्यांवर पसरलं आणि सगळा डबा त्याच्याकडे बघू लागला. कोपऱ्यातल्या एका म्हाताऱ्याने खाली वाकून आपलं उपरणं त्या पाण्यात भिजवलं आणि तोंडावरून फिरवलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. वहिनींनी तांब्या उचलून पिशवीत ठेवला.

धुळ्याहून एसटीने सोनगीर. आग्रा रोडच्या कडेने खडी फोडण्याची कामं चालली होती. रस्त्यालगत बायका ओळीने बसलेल्या, डोक्यावर पदर, हातात हातोडी, शेजारी तट्ट्याच्या सावलीला निजवलेली मुलं. सोनगीरचा किल्ला दिसला तेव्हा मी उगाच उत्साहाने काहीतरी बोलले. वहिनी खिडकीबाहेर बघतच नव्हत्या. त्या खडीवरच्या बायकांमध्ये ओळखीचे चेहरे शोधत होत्या आणि त्यांना ते सापडतही होते.

फाट्यावर उतरून आम्ही पायी निघालो. शेतं नांगरून पडलेली, ढेकळंसुद्धा पांढरी झालेली. पाला ओरबाडून नेलेली झाडं. गावात शिरताना विहिरीवर एकही बाई दिसली नाही. विहीर आटल्यावर तिथे कोण जाणार?

अक्का ओट्यावरच होत्या. लहानखुऱ्या, हाडकुळ्या, कपाळावर मोठं कुंकू.

"या माय, या. बठा. आधी पानी प्या, मंग बोलूत," त्या म्हणाल्या आणि पितळी पेल्यात मला पाणी दिलं. मी अर्धंच प्यायले. उरलेलं त्यांनी पुन्हा हंड्यात ओतलं नाही, माझ्याजवळच ठेवलं आणि म्हणाल्या, "पाव्हनानं पानी पाव्हनालेच."

मडकं घराच्या कोपऱ्यात कापडाने बांधून ठेवलं होतं. अक्कांनी कापड सोडून मला वास घ्यायला लावला. आंबट, थोडा उग्र, भूक चाळवणारा. या मडक्यात आदल्या आंबिलीचं थोडं आंबवण कायम ठेवलेलं असतं, त्यावरच पुढची आंबते. पीठ इकडे आधी शिजवून मग आंबवतात. रंग मात्र मला वेगळा दिसला. ज्वारीच्या पांढऱ्यावर हलकीशी गुलाबी झाक होती.

"ही रेशनची लाल ज्वारी का?" मी विचारलं.

अक्का हसल्या. "ती? ती आंबस का कधी? नुसती सडस. मातानं मडकं घरनी जवारनंच पाहिजे. घरमा दाना कोठे शे? बी व्हतं, तेच काढं."

मी वहिनींकडे बघितलं. त्याही चपापल्या. पेरणीसाठी आणलेलं ते नवं संकरित बियाणं होतं, आणि असल्या बियाण्याला कीड लागू नये म्हणून विषारी औषध चोळलेलं असतं. गुलाबी रंग त्याचाच.

"माय, ते बी खायचं नसतं," वहिनी म्हणाल्या.

"माले काय मालूम नही?" अक्का जराशा चिडल्या. "पानी पडनं नही ते बी कोठे पेरसू? मातानं कराले नको? चांगली घडीघडी धुयी, रंग जास तवर. आनि आंबट व्हयनं का इख मरस. (आंबट झालं की विष मरतं.) आम्ही धाकला व्हतूत तव्हय दुकायमा कडू कांद खायेल शेतस. ताकमा ठेवं का कडूपना निंघी जाय."

हे त्यांनी अगदी सहज सांगितलं. त्या अडाणी बोलत नव्हत्या. कडू कंद आंबवून गोड करायची ही विद्या पिढ्यांची होती आणि तिने दुष्काळात माणसं जगवली होती. फक्त कंदाचं कडूपण वेगळं आणि कारखान्यातून आलेलं औषध वेगळं, हे त्या विद्येला ठाऊक नव्हतं. वहिनी संध्याकाळपर्यंत आईशी वाद घालत राहिल्या. उद्या सकाळी ही आंबील सगळं गाव पिणार होतं.

वादाच्या मध्येच वहिनींचा भाऊ गोठ्यातून आला. त्याला सगळे भाऊच म्हणतात. त्यांच्या जोडीतला एक बैल पौषात मेला होता, दुसरा सोन्या तेवढा उरलेला. घरातल्या माणसांनी आपल्या भाकरीतला तुकडा घालून त्याला इथवर आणलं होतं. पाऊस पडला तर त्याच्यासोबत दुसऱ्याचा बैल जुंपून पेरता येईल, नाहीतर नाही, इतका साधा हिशेब होता.

"सकायपाईन चाराले तोंड लायेल नही," भाऊ म्हणाला. "थरथर कापी ऱ्हायना."

मी गोठ्यात गेले. सोन्या मान खाली घालून उभा होता, तोंडातून लाळ गळत होती. त्याच्यापुढे दगडी डोणी होती, गुरांना पाणी पाजायची. तिच्या कडेला पाणी वाळून एक रेघ उमटली होती. गुलाबी.

मी तिथूनच हाक मारली, "अक्का, बी धुतलेलं पाणी कुठं टाकलंत?"

अक्का दारात आल्या. "टाकसू काब्रं? हंडाभर पानीसाठे टँकरमांगे पळनं पडस. सोन्याले दिधं, कोंडा घालीसन."

बोलून झाल्यावर त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं, मग डोणीकडे. मला काही सांगावं लागलं नाही. त्या डोणीपाशी बसल्या आणि बोटाने ती रेघ पुसू लागल्या. माणसांसाठी जे विष त्यांनी एवढं निगुतीने धुऊन काढलं होतं, ते सगळंच्या सगळं सोन्याच्या पोटात गेलं होतं.

भाऊ सायकलवरून सोनगीरला गेला, पण गुरांचा डॉक्टर धुळ्याला होता. सकाळी उजाडता उजाडता सोन्या खाली बसला आणि पुन्हा उठला नाही. वहिनी रडल्या. अक्का रडल्या नाहीत. त्यांनी त्याच्या डोळ्यांवर हात ठेवला आणि बराच वेळ तसाच राहू दिला.

आता मडक्याचं काय करायचं, हा प्रश्न उभा राहिला. दारात माणसं जमायला लागली होती, प्रत्येकाच्या हातात वाटी नाहीतर तांब्या. कामावर जाण्याआधी मातेची आंबील पिऊन जायचं म्हणून बाया पोरं घेऊन आल्या होत्या. भाऊने सगळ्यांना काय झालं ते सांगितलं आणि आईला म्हणाला, "माय, वती दे ते मडकं."

"मातानी आंबील वतनी नही ऱ्हास," अक्का म्हणाल्या. मातेच्या आंबिलीचा थेंब जमिनीवर सांडायचा नाही, शेवटपर्यंत कुणीतरी प्यायचीच, अशी तिथली रीत.

गर्दीतून एक म्हातारे पुढे आले, त्यांना गाव नाना म्हणतं. "बैलले दुसरं काही व्हयनं व्हई. आंबटमा इख ऱ्हास का कधी? दे वं अक्का, मी आधी पीस."

आणि मागून एक बाई, कडेवर मूल घेतलेली, म्हणाली, "खालनं जाड तरी दे वं अक्का. पोरेस्नी कालपाईन काही खायेल नही."

एकाएकी अक्कांनी तांब्या मडक्यात बुडवला आणि स्वतःच्याच तोंडाकडे नेला. घराने शेवटी प्यायचं ही रीतही त्या विसरल्या असाव्यात, किंवा त्यांना ती आता नको होती. वहिनींनी झडप घालून त्यांचं मनगट धरलं.

"माय, तू पीशी ते बठ्ठा पीतीन!" (तू प्यायलीस तर सगळे पितील!)

एवढ्याने अक्का थांबल्या. त्यांनी गर्दीकडे बघितलं, त्या बाईच्या कडेवरच्या पोराकडे बघितलं आणि तांब्या खाली ठेवला. मग म्हणाल्या, "नही." पहिल्यांदा हळू, मग सगळ्यांना ऐकू जाईल असं. त्या दारातून असा शब्द त्या गावाने कधी ऐकला नसेल. नाना चिडून निघून गेले. ती बाई मात्र बराच वेळ वाटी घेऊन उभी होती. मी माझ्याजवळच्या दशम्या तिला दिल्या. वहिनीही घरात जे होतं ते वाटत राहिल्या, ते पुरणार नव्हतं.

सोन्याला गोठ्यामागेच पुरायचं ठरलं. भुकेच्या वर्षी मेलेलं जनावर तसंच मातीत जात नाही, लोक मांस नेतात, आणि या बैलाचं मांस कुणाच्या घरात जाऊन चालणार नव्हतं. जमीन दगडासारखी होती. भाऊ आणि दोघे शेजारी दिवसभर खणत होते. खड्डा झाला तेव्हा अक्का मडकं स्वतः उचलून घेऊन आल्या आणि त्यांनी आपल्या हाताने ते सोन्याच्या शेजारी रिकामं केलं. आंबवणासकट. मडकंही आत टाकलं. माती पूर्ण पडेपर्यंत त्या हातात काठी घेऊन कडेला बसून होत्या. ज्यांना त्या जन्मभर बोलावून प्यायला देत आल्या, त्यांनाच आज अक्कांना हाकलावं लागत होतं. मला ते बघवलं नाही, मी घरात जाऊन बसले.

दुसऱ्या दिवशी आम्ही निघालो तेव्हा खड्ड्याच्या मातीवर कुणीतरी हळदकुंकू वाहून नारळ ठेवला होता. मातेने बैलाचा बळी घेतला आणि गाव वाचवलं, असं बायका एकमेकींना सांगत होत्या. त्यांचंही काही चुकत नव्हतं. सोन्या मेला नसता तर सगळ्यांनी ती आंबील प्यायली असती, हे खरंच होतं. मी अक्कांना बरं वाटावं म्हणून तेच सांगायला गेले.

त्यांनी मान हलवली. "माता काय करी, माय? मीच दिधं. तीसना व्हता बिचारा. मनाकडे दखी दखी पिना." (तहानलेला होता. माझ्याकडे बघत बघत प्याला.)

आम्ही फाट्याकडे चालू लागलो.

पाचोऱ्याला दादा फलाटावर आला होता. त्याने आमचे चेहरे बघितले आणि थट्टा केली नाही. पुढे पाऊस पडला. भाऊने दुसऱ्याचे बैल आणि मागून आणलेलं बी यांवर थोडंफार पेरलं. अक्कांनी आंबील पुन्हा केली नाही. मान शेजारच्या घराकडे गेला आणि नव्या मडक्यात नवं आंबवण आलं.

साताऱ्याला परतल्यापासून मैत्रिणी मला खानदेशी आंबिलीची कृती विचारतात. मी सांगते. ज्वारी निवडा, भिजवा, धुवा. आणि धुतलेलं पाणी टाकून द्या, असं मी दर वेळी सांगते. त्या हसतात. हे काय सांगायचं असतं का, म्हणतात, धुतलेलं पाणी कुणी ठेवतं का? त्यांच्यामागे नळ चालू असतो. मला फार राग येतो, आणि तो त्यांच्यावर काढण्याचा मला काही अधिकार नाही हेही कळतं. मी उठते आणि नळ बंद करते.