बुटांसकट

खरं सांगते, त्या दिवशी मी पहाडीवरच्या देवीकडे भांडायला गेले होते. माझा दीर सुदानमध्ये मेकॅनिक होता, बायकोही तिथलीच केली होती. लढाईत दोघेही गेले आणि त्यांची आठ वर्षांची रीमा आमच्याकडे एकोडीला आली. पोर गुणाची, पण पायातले बूट काढेल तर शपथ. झोपताना बूट, जेवताना बूट, देवघरातही बूट. धानाच्या रोवणीला सगळ्या बाया अनवाणी बांधीत, पाणी भरल्या शेतात उतरलेल्या आणि ही बूट घालून चिखलात रुतलेली. हातातली पऱ्ह्यांची रोपं टाकून मी हिला उपसत बसायचे. एकदा ती झोपली असताना मी बूट काढून लपवले, तर उठल्यावर तिने घर डोक्यावर घेतलं आणि दोन दिवस माझ्या हातचं खाल्लं नाही. चार महिन्यांत मी टेकीला आले. सोमवारी तिला नागपूरच्या हॉस्टेलात टाकायचं ठरलं होतं. देवीने हो म्हणावं आणि मला मोकळं करावं, एवढंच माझं मागणं होतं.

मंदिराच्या पायरीशी पुन्हा तेच. बूट काढ म्हटलं तर ही खांब धरून उभी. मागे माणसं खोळंबलेली, मी दातओठ खात हिला ओढतेय. तेवढ्यात फुलं विकणारी एक म्हातारी उठून आली. मला वाटलं, आता हीही मला चार शब्द सुनावणार. पण तिने रीमालाच विचारलं, "काहून काढत नाही माय?"

रीमा मोडक्या हिंदीत म्हणाली, "माँ बोली थी, उतारना मत. कभी भी भागना पड़ेगा."

चार महिने मी ओरडले, समजावलं, लपवालपवी केली. हे एवढं विचारलं मात्र नव्हतं. माझा मलाच राग आला आणि तिथेच पायरीवर बसून मी रडले. म्हातारी म्हणाली, "तू दर्शन घेऊन ये, मी हिच्यापाशी बसतो." मी आत गेले नाही. रीमाला जवळ घेऊन बाहेरूनच हात जोडले. देवी त्या म्हातारीच्या तोंडून बोलली का, ते मला ठाऊक नाही.

घरी येऊन यांना म्हटलं, "हॉस्टेलचं राहू द्या जी." रीमाला म्हटलं, "भागाचं झालं तं दोघी भागू. माह्या चपला दारातच असतेत."

आता आरतीला देवीची तसबीर मी ओसरीत आणते. रीमा बूट घालून घंटी वाजवते, तीही बेताल, आणि माझा वैताग काही संपलेला नाही. काय द्यावं हे मात्र आता देवीवरच सोडलंय. सुटका मागायला गेले होते, तिने दिली नाही. तिचे उपकार.